कुलुपातली पुस्तकं आणि रद्दीची यादी

(ग्रंथपाल दिनाच्या निमित्तानं पदवीधर विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'वाचनाचं महत्त्व'. मी त्यांना फोन करून म्हटलं, हा विषय मला नको. तुमच्यातले बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहात. वाचनाचं महत्त्व तुम्हाला मी काय सांगणार? तुमच्या आईवडिलांना ते माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून तर तुम्ही इथं बसला आहात. मी एका कागदाबद्दल बोलते. नऊ पानांचा कागद आहे, नाव ऐकूनच झोप येईल असा: 'ग्रंथालय संग्रह व्यवस्थापन धोरण'. कॉलेजच्या ग्रंथालयात कोणतं पुस्तक यावं, कोणी निवडावं, पैसे कसे वाटावेत, देणगी कशी घ्यावी, आणि कोणतं पुस्तक कधी काढून टाकावं, हे सगळं ज्यात लिहिलेलं असतं तो कागद. तुमच्या कॉलेजातही तो असेल. तुम्ही तो पाहिलेला नसेल, कारण तो तुम्हाला दाखवण्यासाठी केलेलाच नसतो. तो नॅकच्या फाइलला लावण्यासाठी केलेला असतो.

आमचाही तसाच झाला होता, आणि तो मीच केला होता. नॅकची तारीख जवळ आली, प्राचार्य म्हणाले, "मॅडम, धोरण लागेल." मी दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठाचं धोरण उतरवून घेतलं, नाव बदललं, मराठी शीर्षक दिलं, सही घेतली. घाईत चौथ्या पानावर त्या विद्यापीठाचं नाव तसंच राहिलं होतं. समितीतल्या कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. म्हणजे कोणी वाचलंच नाही. त्या धोरणात लिहिलं होतं की सलग पाच वर्षं ज्या पुस्तकाची देवघेव झाली नाही ते निर्लेखनास पात्र समजावं. मी तेही उतरवून घेतलं होतं. विचार न करता.

निर्लेखन म्हणजे पुस्तक दाखल नोंदवहीतून कमी करणं. त्यानंतर ते रद्दीत जातं, किलोच्या भावानं.

दोन वर्षांनी संगणक कक्षाला जागा हवी होती. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीतली कपाटं रिकामी करा, असं सांगण्यात आलं. आमच्या कारकुनानं सॉफ्टवेअरमधून पाच वर्षांत न गेलेल्या पुस्तकांची यादी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. अकराशेच्या वर नोंदी होत्या. पहिल्या दोन पानांवर जुन्या अभ्यासक्रमाची क्रमिक पुस्तकं, एमएस-डॉसची पुस्तकं, कधीच्या काळचा आयकर कायदा. मी सही करायला पेन उघडलंही होतं. तिसऱ्या पानावर ओळ दिसली: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांचा खंड १८, भाग १. खाली भाग २, भाग ३. बाबासाहेबांची मराठी भाषणं. त्याच्याखाली बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं'. मग गंगाधर पानतावणे सरांच्या 'अस्मितादर्श'चे बांधलेले अंक. मग धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेलं 'महात्मा फुले समग्र वाङ्मय', १९६९ ची आवृत्ती.

माझी पहिली प्रतिक्रिया तुम्ही ओळखली असेल. मलाही तेच वाटलं: हे कोणीतरी मुद्दाम केलंय. ब्राह्मणी व्यवस्थेचं कारस्थान. मी रागानं कारकुनाला विचारलं. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मी काय केलं? बटण दाबलं. नियम तुमचाच आहे."

नियम माझाच होता. मग प्रश्न उरला की ही पुस्तकं पाच वर्षांत कोणी नेली का नाहीत? आमच्या कॉलेजात निम्म्याहून जास्त मुलंमुली आपली आहेत. बाबासाहेबांची भाषणं कोणाला नको होती का?

उत्तर मागच्या खोलीत होतं. ही सगळी पुस्तकं एका लोखंडी कपाटात होती, कपाटावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं 'संदर्भ'. त्याला कुलूप होतं. किल्ली माझ्या टेबलाच्या खणात होती. आधीच्या ग्रंथपालांनी कार्यभार देताना ती दिली होती आणि मी चार वर्षांत ते कपाट दोनदा उघडलं होतं, दोन्ही वेळा वाळवी बघायला.

नंतर बी.ए. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी बोलता बोलता म्हणाली, "मॅडम, 'जिणं आमुचं' मागायला मी तीनदा आले होते. संगणकावर 'उपलब्ध' दिसायचं. काका म्हणायचे संदर्भात आहे, मॅडमना विचारा. तुम्ही मीटिंगमध्ये असायचात." तिनं शेवटी कोणाकडून तरी झेरॉक्स आणून वाचलं. आता बघा, संगणकात काय नोंद झाली? काहीच नाही. पुस्तक मिळालं तर नोंद होते, नाकारलं गेलं तर होत नाही. तीन वेळा मागणी झाली आणि आकडा शून्य. त्या शून्यावर पुस्तक रद्दीत चाललं होतं.

मी माझ्या आधीच्या ग्रंथपालांना भेटायला गेले. निवृत्त होऊन ते गावी राहतात. मला वाटलं होतं ते काहीतरी सारवासारव करतील. ते म्हणाले, "बाई, माझ्या एका सहकाऱ्याच्या निवृत्तीच्या वेळी पुस्तकं मोजली, कमी भरली, आणि त्याची रक्कम वसूल होईपर्यंत पेन्शनचे कागद अडकले. ते बघितल्यावर मी महाग आणि न मिळणारी पुस्तकं कुलपात टाकली. आंबेडकरांचे खंड बाजारात मिळायचे नाहीत. हरवले तर कुठून आणू?" माणूस वाईट नव्हता. खंडांची किंमत त्याला कळत होती, म्हणूनच त्यानं ते कुलपात ठेवले. आणि खंड मिळत नाहीत हे खरंच होतं. राज्य शासनानं १९७९ पासून हे खंड काढायला सुरुवात केली, वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य घातलं, पण छपाई आणि पुरवठा इतका रखडत राहिला की २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली.

तर साखळी अशी आहे. वसुलीची भीती, म्हणून कुलूप. कुलूप, म्हणून देवघेव नाही. देवघेव नाही, म्हणून निर्लेखन. यात एकाही माणसाला जातीचं नाव घ्यावं लागलं नाही. सगळे नियमानं वागले. आणि शेवटी बाहेर कोण फेकलं गेलं? फुले, आंबेडकर, बेबीताई. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण आपण प्रत्येक वेळी शत्रूचा चेहरा शोधतो. कधी चेहरा असतोच. पण बऱ्याच वेळा चौथ्या पानावरचं कलम असतं, आणि ते आपणच उतरवून घेतलेलं असतं.

मग आम्ही धोरण पुन्हा लिहायला बसलो. या वेळी समितीत दोन विद्यार्थी घेतले, एक मुलगी, एक मुलगा. सुरुवात कुलपापासून केली. केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम आहेत, २०१७ चे. त्यात ग्रंथालयांसाठी नियम २१५ आहे. तो म्हणतो की वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ झाली तर ते वाजवी नुकसान समजावं, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हजार रुपयांपेक्षा महाग पुस्तक किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर चौकशी करावी. वीस हजारांपर्यंत संग्रह असेल तर दरवर्षी मोजणी, त्याहून मोठा पन्नास हजारांपर्यंत असेल तर तीन वर्षांतून एकदा. हे नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत, आमचं कॉलेज अनुदानित. पण आम्ही ते नमुना म्हणून समोर ठेवले आणि तसाच ठराव महाविद्यालय विकास समितीपुढे नेला. तुम्हाला माहीत असेल, २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं ही समिती प्रत्येक संलग्न कॉलेजात असावी लागते आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव तिचे सदस्य असतात. कॉलेजात असताना त्या खुर्चीवर कोण बसलं आहे हे कधी विचारलं होतं का? पुढच्या पिढीला विचारायला सांगा.

ठराव व्हायला तीन बैठका लागल्या. एका सदस्यांचं म्हणणं असं की "मुलं पुस्तकं चोरतील." मी म्हटलं, सर, हजारात पाच. ते म्हणाले, "आपल्या कॉलेजातली मुलं हजारात पन्नास चोरतील." 'आपल्या कॉलेजातली' म्हणजे कोणती, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं. विद्यार्थी परिषदेची सचिव मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, एक वर्ष उघडून बघू. मग मोजू." तिचं म्हणणं इतिवृत्तात गेलं. वर्षानंतर मोजणी झाली तेव्हा तेच सर पहिले विचारायला आले. कमी भरलेली पुस्तकं मर्यादेच्या आत होती. त्यातली दोन मुलांकडची नव्हतीच, स्टाफकडची होती.

आता संदर्भ कपाट मुक्तद्वार आहे. ज्या पुस्तकाची एकच प्रत आहे ते घरी जात नाही, पण हातात मिळतं. दुसरी प्रत मिळाली की पहिली देवघेवीत जाते. आणि काउंटरवर एक दोनशे पानी वही ठेवली आहे. मागितलेलं पुस्तक मिळालं नाही तर त्यात तारीख, पुस्तकाचं नाव, न मिळण्याचं कारण लिहायचं. नकाराची नोंद. आमच्या धोरणात हे अकरावं कलम आहे आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं आहे. दर तीन महिन्यांनी ती वही समितीपुढे उघडायची आणि पुढची खरेदी त्यावरून करायची. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेले पाच सिद्धांत आम्हाला ग्रंथालयशास्त्राच्या पहिल्या तासाला पाठ करायला लावले होते. वाचकाला त्याचं पुस्तक आणि पुस्तकाला त्याचा वाचक, असा त्यातल्या दोघांचा मथितार्थ. परीक्षेत दहा मार्कांना येतात. पण त्या दोघांची गाठ जिथं पडत नाही तिथं काय झालं, हे लिहून ठेवायला मला त्या मुलीनं शिकवलं.

निर्लेखनाबद्दल गैरसमज नको. मी काहीच फेकू नका म्हणणारी नाही. ग्रंथालय म्हणजे गोदाम नव्हे. ती अकराशेची यादी आम्ही एकेक पुस्तक हातात घेऊन पुन्हा बघितली आणि त्यातली सातशेच्या आसपास खरोखरच काढली. गाइडं काढली, जुने कायदे काढले. आणि एक गोष्ट आपल्यालाच आवडणार नाही अशी सांगते: एकाच हलक्या छपाईच्या बाबासाहेबांच्या चरित्राच्या तीसपेक्षा जास्त प्रती होत्या. दर एप्रिलला जयंतीच्या निमित्तानं निधी यायचा, आणि पुरवठादार तेच पुस्तक टाकून जायचा. त्यात तारखा चुकलेल्या, नावं चुकलेली. दोन प्रती ठेवल्या, बाकी काढल्या. निळं मुखपृष्ठ आहे म्हणून चुकीचं पुस्तक मुलांच्या हातात द्यायचं, हा बाबासाहेबांचा अपमान आहे. त्या पैशात 'जातिप्रथेचे निर्मूलन'च्या चांगल्या भाषांतराच्या प्रती आल्या असत्या.

मात्र दोन प्रकारांना पाच वर्षांचा निकष लावायचा नाही असं ठरवलं. एक, छोट्या प्रकाशकांची चळवळीतली पुस्तकं, पुस्तिका. दोन, नियतकालिकं. ती काढायचीच असतील तर आधी इतर ग्रंथालयांच्या सूचीत शोधायचं. इन्फ्लिबनेटची 'इंडकॅट' ही विद्यापीठ ग्रंथालयांची एकत्रित सूची आहे, ती फुकट बघता येते. कुठंच नसेल तर आपली प्रत शेवटची समजून जपायची. कोणी विचारलं की जुन्या अंकांचं काय एवढं? तर मी मुक्ता साळवेचं नाव घेते. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांग समाजाची मुलगी. तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पुस्तक नव्हतं ते, नियतकालिकातली काही पानं. कोणीतरी ते अंक जपले म्हणून आज ती तुमच्या अभ्यासक्रमात आहे. त्या अंकांनाही कोणी पाच वर्षांचा नियम लावला असता तर?

खरेदीचं सांगते. इथं तुम्हाला राग येईल. कॉलेजची पुस्तक खरेदी कशी होते? तीन कोटेशनं मागवतात, जो जास्त सवलत देईल त्याला ऑर्डर. जास्त सवलत कोणाला परवडते? ज्याच्याकडे फुगवलेल्या किमतीची पुस्तकं असतात त्याला. म्हणून ग्रंथालयात गाइडं, 'एक हजार प्रश्नसंच', आणि कोणी ऐकलेलीही नसतील अशा प्रकाशकांचे जाड ग्रंथ येतात. आपली पुस्तकं कुठं मिळतात? अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर. ताडपत्रीवर, टेबलावर, वीस रुपयांची पुस्तिका, पन्नास रुपयांचं पुस्तक. जगात कुठल्या समाजाच्या स्मृतिदिनाला एवढी पुस्तकं विकली जात असतील मला माहीत नाही. पण तिथला विक्रेता कोटेशन देत नाही, आणि बऱ्याच वेळा छापील बिलही देत नाही. त्यामुळे लाखो माणसं जी पुस्तकं डोक्यावरून गावी नेतात, ती गावातल्या कॉलेजात पोचत नाहीत.

आम्ही कलम घातलं: वार्षिक पुस्तक निधीतला ठराविक भाग थेट खरेदीसाठी राखून ठेवायचा. ग्रंथपाल आणि एक शिक्षक अग्रिम रक्कम घेऊन दीक्षाभूमीला जातील, जागेवर पुस्तक बघून घेतील, विक्रेत्याची सहीची पावती आणि दोघांचं प्रमाणपत्र जोडतील. लहान रकमेची खरेदी कोटेशनशिवाय करायची सोय केंद्राच्या वित्तीय नियमांतही आहे, हे आम्ही लेखापालांना दाखवलं. लेखापाल दोन महिने तयार नव्हते. शेवटी ते म्हणाले, "पावतीचा नमुना मी करून देतो, नाहीतर ऑडिटला तुम्ही मला अडकवाल." त्यांनी केलेला नमुना उत्तम आहे, कोणाला हवा असेल तर देते. पहिल्या वर्षी आम्ही दोन पिशव्या भरून पुस्तकं आणली आणि एसटीत जागा मिळाली नाही म्हणून त्याच पिशव्यांवर बसून आलो. पुस्तकांवर बसू नये म्हणतात. आम्ही बसलो.

पुस्तक आलं की ते ठेवायचं कुठं, हा पुढचा प्रश्न. आम्ही ड्युई दशांश पद्धत वापरतो. त्यात ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य, ३०५.५ म्हणजे सामाजिक स्तर, जातीचा अभ्यास तिथं. २९४.३ बौद्ध धम्म, २९४.५ हिंदू धर्म. दया पवारांचं 'बलुतं', लक्ष्मण मानेंचं 'उपरा', ऊर्मिला पवारांचं 'आयदान' ही पुस्तकं आमच्याकडे साहित्यात आणि चरित्रात विखुरलेली होती. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला ३०५.५ च्या फळीवर काय दिसायचं? जातीवर इतरांनी लिहिलेले ग्रंथ. ज्यांनी जात भोगली त्यांचं लिखाण 'साहित्य', आणि ज्यांनी तिच्याकडे बघितलं त्यांचं 'शास्त्र'! वर्गांक बदलणं प्रत्येक वेळी बरोबर नसतं, आत्मकथन हे साहित्यही आहेच. म्हणून आम्ही साधा उपाय केला. सूचीत दोन्ही विषय नोंदवले, आणि शक्य तिथं दुसरी प्रत घेऊन ती समाजशास्त्राच्या फळीवर ठेवली. कागदावर ही क्षुल्लक गोष्ट आहे. पण त्या वर्षी समाजशास्त्राच्या तीन प्रकल्पांच्या संदर्भसूचीत 'बलुतं' आलं.

देणगीचं कलम एका ट्रंकेमुळं आलं. आधी एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरच्यांनी पुस्तकं दिली होती. अट होती: वेगळं कपाट, त्यावर नाव, पुस्तकं बाहेर द्यायची नाहीत. कॉलेजनं कार्यक्रम केला, शाल दिली. पुढच्याच वर्षी एका निवृत्त एसटी कंडक्टरांचा मुलगा वडिलांची ट्रंक घेऊन आला. आत सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकातली पत्रकं, नामांतर आंदोलनाच्या वेळची कात्रणं, बंद पडलेली साप्ताहिकं, भीमगीतांच्या वह्या. त्याला कार्यालयात सांगण्यात आलं, "रद्दी आम्ही घेत नाही." तो ट्रंक घेऊन परत चालला होता, मला पायऱ्यांवर भेटला. आता कलम असं आहे: कोणाचीही देणगी सारख्याच नियमानं. कुठलीही अट नाही, वेगळं कपाट नाही, काय ठेवायचं ते समिती ठरवेल, आणि दाखल नोंदवहीत दात्याचं नाव सारख्याच अक्षरात. प्राध्यापकांच्या घरच्यांना मी स्वतः जाऊन समजावलं. त्यांची सून म्हणाली, "अहो, बाबांनाही पुस्तकं वाचलेलीच आवडली असती, ही अट आमच्या काकांची." कुलूप त्या दिवशीच निघालं.

आता एक अवघड प्रश्न. एका विद्यार्थ्यानं मला सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, २५ डिसेंबर १९२७ ला महाडला आपण मनुस्मृती जाळली. मग ती तुमच्या २९४.५ मध्ये का आहे?" वर्गात टाळ्या पडल्या. मी म्हटलं, महाडचं दहन ही जाहीर राजकीय कृती होती, त्या ग्रंथाचा अधिकार आम्ही मानत नाही असं सांगणारी. पण बाबासाहेबांनी तो ग्रंथ आपल्या टेबलावरून हाकलला नाही. त्यांच्या लेखनात मनूची किती अवतरणं आहेत ते मोज. ज्या समाजाला ग्रंथ बघायचीही बंदी होती, ज्या माणसाला शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, त्यानं ते ग्रंथ मिळवले, वाचले आणि त्यातूनच उलटतपासणी केली. 'राजगृह' त्यांनी पुस्तकांसाठी बांधलं, आणि त्या पुस्तकांत फक्त पटणारी पुस्तकं नव्हती. तो मुलगा म्हणाला, "पटलं नाही, पण विचार करतो." मला ते उत्तर आवडलं. मनुस्मृती आमच्याकडे आहे, शेजारी तिची चिकित्सा करणारी पुस्तकंही आहेत, आणि ती ठेवायची हे त्या मुलाचा विरोध नोंदवून ठरलं आहे.

हे कलम दोन्ही बाजूंनी चालतं, हे लक्षात घ्या. काही वर्षांपूर्वी गावातली चार माणसं येऊन म्हणाली की अमुक पुस्तकानं भावना दुखावतात. तोंडी सांगितलं, आणि पुस्तक तोंडीच फळीवरून गेलं. कोणी काढलं, कुठं गेलं, कागद नाही. ते पुस्तक आपल्या बाजूचं होतं. आता नियम असा की आक्षेप लेखी द्यायचा, आक्षेप घेणाऱ्यानं पुस्तक पूर्ण वाचल्याचं लिहून द्यायचं, समिती तीस दिवसांत कारणांसह निर्णय देईल, आणि तोपर्यंत पुस्तक जागेवरच राहील. नवीन नियमानंतर दोघे आले होते. मी त्यांना अर्ज आणि पुस्तक दोन्ही दिलं. त्यातले एक पुस्तक परत करायला आले, अर्ज काही आला नाही.

ई-पुस्तकांचं थोडक्यात. 'एन-लिस्ट'ची वर्गणी भरली की लाखाहून जास्त ई-पुस्तकं कॉलेजची म्हणून दाखवता येतात. नॅकला आकडा छान दिसतो. पण आमच्याकडे त्याचे लॉगिन फक्त शिक्षकांना दिलेले होते, विद्यार्थ्यांना तो हक्क आहे हेच कोणी सांगितलं नव्हतं. मागा. आणि मराठी त्यात जवळपास नाही, हेही लक्षात ठेवा. छापील मराठी पुस्तकांचा पैसा ई-साधनांकडे वळवायचा नाही, एवढं एक वाक्य आम्ही घातलं आहे.

एक माझं स्वतःचं सांगते, कारण ते धोरणात आहे. मी शिकत होते तेव्हा समाज कल्याणच्या पुस्तक पेढीतून दोघींत एक संच मिळायचा. तो घ्यायला वेगळी रांग असायची आणि कार्डाचा रंग वेगळा होता. गुलाबी. यादी सूचनाफलकावर लागायची, नावापुढे जात. कॅन्टीनमध्ये कोणी कार्ड बघितलं की पुढचं बोलावं लागायचं नाही. मी पहिल्या वर्षी पुस्तकं घेतली, दुसऱ्या वर्षी घेतली नाहीत, मैत्रिणीच्या वहीतून उतरवून काढली. पुस्तक होतं, पैसाही सरकारनं दिला होता, आणि मी ते घ्यायला गेले नाही. आमच्या धोरणाच्या सहाव्या कलमात लिहिलंय: सर्व वाचकांचं कार्ड एकाच रंगाचं, योजनेची नोंद फक्त कार्यालयीन नोंदवहीत, यादी फलकावर नाही. हे कलम एका मिनिटात मंजूर झालं. कोणी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तर तुमच्यासाठी काम. तुमच्या जुन्या कॉलेजात जा. माजी विद्यार्थी म्हणून जा, विकास समितीत माजी विद्यार्थ्यालाही जागा असते. ग्रंथपालांना नमस्कार करा, चांगलं बोला, ते बहुधा एकटे आठ माणसांचं काम करत असतील, कित्येक ठिकाणी तर पदच रिकामं आहे आणि शिपाईकाका ग्रंथालय चालवतात. धोरण मागा. निर्लेखनाचा निकष वाचा. गेल्या तीन वर्षांत काढलेल्या पुस्तकांची यादी मागा; दिली नाही तर माहितीचा अधिकार आहे, पण आधी तोंडी मागा. आणि कुलूपबंद कपाट दिसलं तर आत काय आहे ते विचारा.

आणि ती ट्रंक. कंडक्टरकाकांच्या कागदांची नोंद अजून अर्धीच झाली आहे. पत्रकांवर तारखा नाहीत, काही मोडीसारख्या घाईच्या अक्षरात आहेत, गावांची नावं ओळखावी लागतात. मला एकटीला होत नाही. दर शनिवारी दोन ते पाच मी मागच्या खोलीत बसते. जुनं मराठी हस्ताक्षर वाचता येणारे तीन जण मिळाले तर दिवाळीपर्यंत यादी होईल. येणाऱ्यांनी जाताना दारातल्या वहीत नाव आणि फोन लिहा. चहा माझा.